डाव्या दंडावरचा पट्टा

मी भुताखेतांना मानत नाही. सदतीस वर्षं पोरांना गणित शिकवलंय. तरी दर मंगळवारी केमोच्या हॉलमध्ये शिरताना मी चार नंबरच्या खुर्चीकडे बघायचं टाळते, कारण तिथे कौसल्या बसलेली असते. तिला जाऊन सात महिने झाले.

रिटायर झाल्यावर घरात बसून करायचं काय, म्हणून मी प्रतापनगरहून या दवाखान्यात यायला लागले. काम एवढंच, की सलाईन चालू असेपर्यंत पेशंटजवळ बसायचं. बोलावंसं वाटलं तर बोलायचं, नाहीतर गप्प राहायचं. खोटा धीर द्यायचा नाही, असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी शहाण्यासारखं वहीत लिहूनही घेतलं होतं.

कौसल्या महाल भागात ब्लाउज शिवायची. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालेलं. दुसऱ्या केमोनंतर केस गेले, आणि तिसऱ्या वेळी सुई लागायच्या आत ती पिशवी उचलून उठली.

"बस झालं मॅडम. माह्यानं होत नाही आता."

तिला जाऊ कशी देणार? माझ्या तोंडून निघून गेलं, "मलेही झाला होता वं. डाव्याच बाजूले. बारा वर्षं झाली. दिसून राहिली ना ठणठणीत?"

ती परत बसली. उलट्या झाल्या, तोंड आलं, पायांची आग झाली, पण तिनं एकही तारीख चुकवली नाही. हॉलभर बातमी पसरली. बायका माझा हात हातात घेऊन बसायच्या, आणि लाज वाटायची सोडून मला चक्क बरं वाटायचं.

तिच्या पाचव्या डोसच्या दिवशी मलाच चक्कर आली. सिस्टरनं तिच्याशेजारी स्टुलावर बसवून माझ्या डाव्या दंडाला पट्टा बांधला आणि बीपी मोजलं. कौसल्या बघत होती.

"सकाळी काही खाऊन येत जा मॅडम," एवढंच म्हणाली.

सहावा डोस घेऊन दीड महिन्यात ती गेली. तेव्हापासून पोळ्या लाटताना माझ्या डाव्या दंडावर पट्टा आवळतो. दोनदा तपासून घेतलं, काही नाही. घरात शिलाई मशीन नाही, तरी मशीनच्या तेलाचा वास येतो.

गेल्या मंगळवारी पाच नंबरच्या खुर्चीवर एक मुलगी बसली होती. कपाळ हुबेहूब तेच. सिस्टर ट्रे घेऊन ताटकळली होती आणि मुलीनं हात पदराआड धरावा तसा ओढणीत लपवला होता.

"मी पायल. कौसल्याबाईची पोरगी," ती म्हणाली. "मलेही तेच निघालं. आईचं पाहून मले हे घ्यायचंच नव्हतं. म्हटलं, तुमाले भेटून ठरवीन."

पुन्हा तेच बोलले तर ती हात पुढे करणार होती. खरं बोलले तर उठून जाणार होती, आणि मग आईमागून पोरगीही माझ्या जिवाला लागणार होती. दंडावरचा पट्टा आवळत चालला.

"पायल, तुझ्या आईशी मी खोटं बोलली. मले कधीच काही झालं नव्हतं."

"माहीत आहे. आईलेही माहीत होतं. तिच्या डाव्या हाताले आमी कधी पट्टा बांधू दिला नाही, सुई टोचू दिली नाही. ऑपरेशन झालं त्या बाजूच्या हातावर चालत नाही, असं डॉक्टरनंच सांगितलं होतं. तुमी तर सरळ तोच हात पुढे केला."

"मग सहाव्या वेळी काहून आली ती?"

"मीही विचारलं. म्हणे, नाही गेली तर मॅडमले समजन, आपलं खोटं पकडलं गेलं. शेवटचा डोस तिनं तुमचं मन राखायले घेतला."

मी हॉलच्या मधोमध रडले. सगळ्या खुर्च्या बघत होत्या.

पायलनं मला रडू दिलं. मग विचारलं, "आता खरं सांगा. मी बरी होईन?"

"ते डॉक्टरच सांगतील. मले माहीत नाही, बेटा. मले लय भेव लागून राहिलं."

"मलेही," ती म्हणाली आणि ओढणीतून हात बाहेर काढला.

सुई लावता लावता सिस्टर म्हणाली, "इकडे काहून बसली वं? चार नंबर खिडकीजवळ आहे. मोकळीच आहे."

पायलनं माझ्याकडे पाहिलं. "मोकळी नाही ती, सिस्टर."

सात महिन्यांत पहिल्यांदाच मी त्या खुर्चीकडे सरळ पाहिलं.