एका मेणबत्तीचं कीर्तन

चर्चचे पाळक पियुष यांनी पुनारामबुवांसमोरच्या स्टुलावर मेणबत्ती लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बुवा, ही विझली की कीर्तन संपलं. मग समीक्षाची गाणी. विझायच्या आत कथेत प्रभूचा जन्म झाला, तर पुढच्या नाताळालाही कीर्तन. नाही तर..."

"नाही तर चिपळ्या खुंटीले," बुवा म्हणाले. "हौ. शब्द दिला."

मध्य प्रदेशाच्या सीमेवर, राजेगावच्या अलीकडे शेतात असलेलं ते एवढंसं चर्च. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिथे कीर्तन व्हायचं, ते बुवांच्या वडिलांपासून. पण कीर्तन दोन-दोन तास चाले, आणि हिंदीत वाढलेली पोरं हळूच बाहेर जाऊन मोबाइल काढत. यंदा बुवांच्या मुलीनंच, समीक्षानं, बालाघाटहून कीबोर्ड आणून हिंदी गाणी बसवली होती. चार दिवस बापलेकीत ताट वाढण्यापुरतंच बोलणं होतं.

ट्यूबलाइट मालवल्या. प्रत्येकाच्या हातात न पेटवलेली मेणबत्ती होती. रीतच तशी. बुवांनी जन्माचं पद म्हटलं की त्यांच्या ज्योतीवरून पहिली मेणबत्ती पेटायची आणि मग हातोहात सगळं चर्च उजळायचं. त्याआधी कुणी काडी ओढायची नाही.

मृदंगावर तेजराम होता. गावच्या भजनी मंडळातला हिंदू शेतकरी, वीस वर्षांचा साथीदार. मृदंग ठोकून सुरात घेताना तो कुजबुजला, "बुवा, आज वाटेत कोनाच्या घरी चहाले थांबू नोका."

पूर्वरंग आटोपशीर झाला. पण कथा सुरू झाली आणि बुवांना बुवा आवरेनात. योसेफ आणि मरिया नाव नोंदवायला निघाले. त्यांना बस मिळेना. मिळाली तर बसायला जागा मिळेना. "नऊ महिन्यांची बाई उभी, अन् खिडकीत कोन बसलं? कोंबडा!" लोक खदखदून हसले. तेजराम हसला नाही. त्यानं सम दाखवायला जोरात थाप दिली आणि डोळ्यांनी मेणबत्तीकडे खूण केली. चार बोटं उरली होती.

बुवा पाणी प्यायला थांबले. तेवढ्यात तेजरामची बायको मैनाबाई उठली. कीर्तनाला ती दरवर्षी येई, पण दरवर्षी बुवांची मेणबत्ती वर, टेबलावर असे. यंदा ज्योत कीर्तनकाराच्या पुढ्यात होती, निरांजनासारखी. ती पुढे आली, आरती घेतात तसे ज्योतीवरून दोन्ही तळवे फिरवले, डोळ्यांना लावले. तिच्या मागे भजनी मंडळाच्या दहा-बारा बाया रांगेत उभ्या राहिल्या.

पाळक अर्धे उठले. बुवांनी हातानं थांबवलं. "येऊ द्या. भक्तिभावानं आल्या."

तळव्यांच्या वाऱ्यानं ज्योत आडवी होत होती. मेण एका अंगानं ओघळत होतं.

"अवं, सरक ना पटापट," तेजराम दातओठ खाऊन म्हणाला.

"देवाच्या दिव्याले घाई करू काय?" मैनाबाई म्हणाली.

रांग सरली तेव्हा जेमतेम अर्धं बोट उरलं होतं. बुवा धावू लागले. आयुष्यात कधी धावले नव्हते, त्यामुळे शब्दावर शब्द पडत होते. मुक्कामाला जागा मागत योसेफ-मरियाचं एक दार झालं, दुसरं झालं, तिसरं तर त्यांनी नुसतं हातानंच लावून घेतलं. गोठा आला. पदासाठी त्यांनी श्वास भरला, आणि ज्योत आपल्याच मेणात बुडाली.

अंधार. जळक्या वातीचा वास.

चिपळ्या खाली ठेवल्याचा आवाज आला. "विझली," बुवा म्हणाले.

"भाऊजी, थांबले काहून?" मैनाबाईनं विचारलं. "झालं का नाही त्या बाईचं लेकरू?"

"शब्द दिला होता, वहिनी."

हातातल्या मेणबत्त्या तशाच राहिल्या. पाळक खाकरले. "समीक्षा, तुझं गाणं."

समीक्षाची बोटं कीबोर्डवर होती. पहिलं गाणं बाळ जन्मल्याच्या आनंदाचं होतं. बाळ अजून जन्मलंच नव्हतं.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "शब्द बाबांनी दिला. मी नाही दिला."

ती अंधारात उठली. स्टुलाला धडकली. मग चिपळ्या वाजल्या, आधी चुकीच्या, मग बरोबर. दर डिसेंबरात बाबा पहाटे मागच्या खोलीत जे घोळवत, आणि ती उशी कानावर घेऊन जे नाइलाजानं ऐके, तेच ती गाऊ लागली:

"गव्हाणीत निजला राजा..."

दुसऱ्या ओळीला अडली. परत पहिली म्हटली. परत अडली.

"तणसाची," अंधारातून बुवा हळूच म्हणाले.

"तणसाची केली शेज,
अंधाऱ्या त्या गोठ्यात
उजळले प्रभूचे तेज."

तेजरामची थाप पडली आणि लोकांनी पद उचलून धरलं. त्यात कुणीतरी काडी ओढली. ते पाळकच होते. त्यांनी आपली मेणबत्ती पेटवून समीक्षाच्या मेणबत्तीला लावली, तिच्यावरून बुवांची पेटली, आणि उजेड ओळीओळीनं मागे सरकत दारापर्यंत गेला.

"पुढच्या वर्षी कीर्तन कोण करणार?" पाळकांनी विचारलं.

"दोघं," समीक्षा म्हणाली. "पण मला पदं पाठ नाहीत."

"वर्ष हाये ना," बुवा म्हणाले. चार दिवसांत त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. डोळे पुसायचं मात्र राहून गेलं.

"अन् पाळकसाहेब," तेजराम म्हणाला, "मेणबत्ती जरा जाडी आणजा."

मैनाबाई पुन्हा पुढे आली होती. बुवांच्या हातातल्या ज्योतीच्या अलीकडेच हात थांबवून तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"भाऊजी, आता घेऊ काय?"