मंजुळाच्या नावची शतावरी

कापडे गावाच्या वरच्या वाडीतली साळूबाई शतावरीच्या मुळ्या काढून द्यायची, पण कुदळ मारण्याआधी नाव विचारायची. जिची पाळी गेली आणि अंगाची लाही लाही होते, तिचं नाव वेलीला ऐकवायचं, मगच माती उकरायची. एक वेल, एक नाव. ही रीत तिच्या आजेसासूपासूनची.

संजीवनी महाडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. मुळ्या प्रयोगाला हव्यात, असं तिनं वाडीवर येऊन साळूबाईला सांगितलं. तेही खरंच होतं. पण वर्षभर तिलाच धड झोप नव्हती. फळ्यावर लिहितालिहिता मानेतून वाफ उठे आणि पाठ घामानं भिजे. बरोबर प्रयोगशाळेतला शिपाई मोरू होता. त्याच्यासमोर स्वतःचं नाव सांगायची तिला लाज वाटली.

"मंजुळा," ती बोलून गेली. आईचं नाव.

"जिती हाय ना गो ती?"

"आहे की." आईला जाऊन बावीस वर्षं झाली होती.

साळूबाई वेलीपाशी वाकून पुटपुटली आणि तिनं कुदळ मारली.

प्रयोग सुरेख झाला. जांभळ्या द्रावणात मुळीचा अर्क पडला की रंग फिका होत होत पिवळा व्हायचा. "चिरलेलं वांगं काळं पडतं, लोखंड गंजतं, तसं माणूसही आतून झिजतं," ती मुलांना सांगे. "अँटिऑक्सिडंट ती झीज थोपवतं." उरलेल्या मुळ्यांचं चूर्ण ती रोज दुधातून घेऊ लागली.

तिची आग मात्र वाढली.

आठवड्यानं आईचा काळवंडलेला तांब्याचा हंडा लखलखायला लागला.

"सारिका, चिंच लावलीस का गं?"

"मी कशाला लावू? हात लावला तर ओरडता ना तुम्ही!" कामाची सारिका फणकारली.

मग आईचा फोटो. ओल लागून तो तांबूस पडला होता, आईच्या लुगड्याचा रंगही कळत नव्हता. आता डाग एकेक करून गेले. लुगडं हिरवं होतं. संजीवनीला आठवलं, हेच लुगडं नेसून आई दुपारची मागच्या दारात बसायची, पदर पाण्यात बुडवून पाठीवर टाकायची. घरात कुणी विचारलं नाही, काय होतंय तुला. संजीवनीनंही नाही. तेव्हा ती बी.एस्सी.चा अभ्यास करत होती.

एका दुपारी मागच्या दाराची पायरी ओली दिसली. बाकी अंगण कोरडं ठणठणीत होतं.

ती दुसऱ्याच दिवशी एकटी वाडीवर गेली आणि साळूबाईला सगळं सांगितलं.

"मेलेल्या बाईचं नाव दिलंस? कालेजात शिकवतेस नि अक्कल घरी ठेवतेस गो बाय!" साळूबाईनं कपाळावर हात मारला. "तू पितेस, लागू पडतंय तिला. आणि तिची आग येतेय तुझ्यात. ऱ्हायलेलं चूर्ण त्याच वेलीच्या खड्ड्यात टाक, मी तुझ्या नावानं दुसरी काढते. तू निवशील."

"आणि आई?"

"ती जाईल. होती तशी, आगीतच."

"नाही टाकलं तर?"

साळूबाई कुदळ उचलून घरात गेली.

संजीवनी ठरवून घरी आली. चूर्णाचा डबा पिशवीत भरायचा, सकाळच्या गाडीनं परत जायचं. दुपार टळत होती. डब्याला हात लावला तोच मागच्या दाराकडून आवाज आला. पाठीवर गार पाणी पडलं की बाई सोडते तसा निःश्वास, लांब, निवांत. आईच्या तोंडून असा सुस्कारा तिनं जन्मात ऐकला नव्हता.

तिच्या मानेतून पुन्हा वाफ उठली. घाम पाठीवरून ओघळत कमरेपर्यंत आला.

तिनं मागे वळून पाहिलं नाही. पिशवी घडी घालून ठेवली, डबा उघडला आणि चमचाभर चूर्ण दुधात ढवळलं.