दोन बोल्टांवर बसवलेली सीट

मी एका जुन्या मोटारीतली पुढची सीट आहे. ड्रायव्हरची. चढावर मी एका माणसाला दगा दिला, अशी गोष्ट माझ्याबद्दल पसरली होती. मित्रांनो, ज्याच्यावर आळ येतो त्याला निदान बोलू तरी द्यावे. मला मात्र कोणी काही विचारले नाही. म्हणून आज तुम्हाला पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडी सांगाडा, त्यावर अठ्ठावीस स्प्रिंगा, वर काथ्याची गादी आणि सगळ्यावर मरून रंगाचे रेक्झिन. शिवण घालणाऱ्या बाई दोरा ओढताना दातओठ खात. त्यांचा एकही टाका आजवर उसवलेला नाही. माझ्या पायांखाली दोन रूळ बसवले. रुळांना नऊ खाचा होत्या आणि माझ्या पुढच्या कडेखाली एक खटका होता. खटका दोन बोटांनी उचलायचा, मला हवे तिथे सरकवायचे आणि सोडून द्यायचे. ‘खट्’ असा आवाज आला की मी जागेवर पक्की.

माझ्या शेजारी माझी जुळी बहीण बसवली. तपासणीला एक धिप्पाड माणूस होता. तो प्रत्येक सीटवर धपकन बसून बघे आणि चारही कोपऱ्यांतले चार बोल्ट स्वतःच्या हाताने आवळल्याशिवाय कागदावर सही करत नसे. गाडीच्या तळाच्या पत्र्यात त्या बोल्टांसाठी चार भोके होती. शिवाय चार बोटे मागे आणखी चार भोके पाडून ती डांबराने बुजवून ठेवली होती. एखादे लांब पायांचे गिऱ्हाईक आले तर त्याची सोय व्हावी, एवढा पुढचा विचार त्या लोकांनी केला होता. हे मी मुद्दाम सांगते आहे. कारण पुढे जे झाले, ते आमच्या घडणीत खोट होती म्हणून झाले नाही.

आम्हाला विकत घेतले ते एका डॉक्टरीणबाईंनी. उंची चार फूट नऊ इंच. सगळे त्यांना ‘छोट्या डॉक्टर’ म्हणत. त्या घरोघरी जाऊन बाळंतपणे करत. त्यांचे पाय पेडलपर्यंत पोचावेत म्हणून मला पहिल्याच दिवशी अगदी पुढच्या खाचेत सरकवले गेले आणि चाळीस वर्षे मी त्या खाचेतून हलले नाही. शेजारी माझ्या बहिणीवर नर्सबाई बसत, मांडीवर औषधांची बॅग घेऊन. किती घरे, किती कच्चे रस्ते, किती फेऱ्या. परत येताना दोघी इतक्या थकलेल्या असत की बोलायचेही त्राण नसे. एकदा गाडीतून उतरताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “माझी पाठ शाबूत आहे ती या सीटमुळे.” मित्रांनो, एवढ्या एका वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षे काढली.

मग नर्सबाई निवृत्त झाल्या आणि डोंगरावरच्या एका गावात भाचीकडे राहायला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी बहात्तराव्या वर्षी गाडी चालवणे सोडले. आमची गाडी शेडमध्ये उभी राहिली ती अकरा वर्षे. उंदरांनी माझा काथ्या ओढून नेला. रुळांवर गंज चढला. मी तक्रार केली नाही. म्हातारपण कोणाला चुकले आहे? पण म्हातारी झाले म्हणजे लबाड झाले, असा अर्थ होत नाही.

डॉक्टरीणबाई घरात घसरून पडल्या. गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि तो पाय काठीसारखा सरळ राहिला, वाकेना. त्याच सुमारास नर्सबाईंच्या भाचीचा फोन आला. “मावशी रोज तुमची आठवण काढते. फार दिवस काढेल असं डॉक्टरांना वाटत नाही. तुम्हाला येता येईल का?”

डॉक्टरीणबाईंचा भाचा त्यांच्याजवळच राहत असे. तो मोजणीदार होता, जमिनी मोजणारा. उंची सहा फूट दोन इंच. त्याची स्वतःची गाडी नवी, पण आगपेटीएवढी. त्याने मावशीला पुढे बसवून पाहिले, मागे आडवे बसवून पाहिले. सरळ पाय कुठेच मावेना. शेवटी त्या म्हणाल्या, “शेडमधली काढ. तिचं दार मोठं आहे. सीट मागे सरकवली की माझा पाय मावेल.”

इंजिन आठ दिवसांत सुरू झाले. पण भाचा माझ्यावर बसला तेव्हा त्याचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आले, बेडकासारखे. त्याने खटका ओढला. गंजलेला खटका जागचा हलेना. मग त्याने काय करावे? थोडे रॉकेल सोडावे, तासभर थांबावे. पण त्याने लाथ मारली. चाळीस वर्षे ज्या खटक्याला दोन बोटे पुरत होती, त्याला बुटाची टाच. जमिनीचा इंचन् इंच मोजणारा हा माणूस, पण खाली वाकून आमचे रूळ त्याने एकदाही पाहिले नाहीत.

तो आम्हाला एका गॅरेजवाल्याकडे घेऊन गेला. या गॅरेजवाल्याला सगळे ‘दहामिनिटे’ म्हणत. ते त्याचे आडनाव नव्हते. कोणतेही काम सांगा, तो म्हणे, “दहा मिनिटांत करून देतो.” त्याने हातोडीने माझा खटका वाकवला, आम्हा दोघी बहिणींना उपटून बाहेर काढले आणि मागची भोके पाहून म्हणाला, “हे बघा, कंपनीनंच सोय केलीय. मागे घेऊन टाकतो.”

मागे घ्यायची कल्पना बरोबर होती. मागच्या बाजूच्या दोन भोकांतले डांबर त्याने टोकरून काढले आणि दोन बोल्ट आवळले. पुढच्या बाजूच्या दोन भोकांतले डांबर मात्र दगडासारखे झाले होते. त्याने एकदा स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहिला, मग घड्याळ पाहिले. ते दोन बोल्ट त्याने खिशात टाकले आणि पायाखालची रबरी चटई ओढून भोके झाकली. माझ्या बहिणीचेही तसेच केले.

भाच्याने विचारले, “चारही घट्ट आहेत ना? मावशीला डोंगरावर न्यायचंय.”

“साहेब, गाडी मोडेल पण सीट हलायची नाही,” दहामिनिटे म्हणाला.

मी तिथेच होते, मित्रांनो. माझे पुढचे दोन्ही पाय मोकळे होते आणि माझ्या अंगावर हात थोपटून तो माणूस हे बोलत होता. तेव्हाचा संताप मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. सपाट रस्त्यावर मी कसाबसा तोल सांभाळला. डॉक्टरीणबाई खुशीत होत्या. त्यांचा पाय आरामात लांब पसरला होता. नर्सबाईंसाठी त्यांनी एक लोकरीची शाल घेतली होती आणि ती त्या सारखी चाचपून पाहत होत्या.

मग चढ लागला. तिसऱ्या वळणावर गियर बदलण्यासाठी भाच्याने क्लच जोरात दाबला. पाठीचा सगळा भार माझ्यावर आला. माझे पुढचे पाय उचलले गेले आणि मी त्याच्यासकट मागे कलंडले. त्याचे पाय पेडलवरून सुटले, हात स्टिअरिंगवरून सुटले, आणि गाडी उताराला मागे घरंगळू लागली. खाली दरी होती.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांनी हँडब्रेक धरला आणि सगळा जीव एकवटून वर ओढला. गाडी करकरत थांबली. मागचे चाक कठड्याला टेकले होते. दिवा फुटला, बाकी काही नाही. भाचा माझ्यावर उताणा पडला होता आणि उठायला धडपडत होता.

“लगेच उठू नकोस,” त्या म्हणाल्या. “आधी श्वास घे. मी धरलाय ब्रेक.”

त्या दिवशी भेट राहिली. गाडी ओढून घरी आणली. भाच्याने दहामिनिटेला बोलावले तेव्हा त्याने आम्हा दोघींना भराभर काढून अंगणात विटांच्या ढिगावर टाकले आणि आठही बोल्ट गोळा केल्याचे नाटक केले. म्हणाला, “सीटच कुजलीय, साहेब. सांगाड्यात दम नाही. तिनंच दगा दिला. माझं काम चोख होतं.”

आणि भाच्याला ते पटले. “जुनं ते जुनंच,” तो म्हणाला. “भंगारात द्या दोन्ही. नव्या सीटा बसवू.”

मी उताणी पडून हे ऐकत होते. ज्याने खोटे सांगितले तो ताठ उभा, आणि चाळीस वर्षे जिने एका बाईची पाठ सांभाळली ती विटांवर. डॉक्टरीणबाई व्हरांड्यात पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. नव्या सीटा यायला तीन आठवडे लागणार होते. नर्सबाईंकडे तेवढे दिवस होते की नाही, कोण सांगणार?

नव्या सीटांच्या कव्हरांचे माप घ्यायला एक कुशनवाली आली. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या बाई. त्यांनी गाडीत मापे घेतली, मग येऊन मला उलटी केली आणि माझ्या सांगाड्यावर बोटाच्या पेराने टकटक केले.

“हिला कुजली कोण म्हणालं?” त्यांनी विचारले.

“गॅरेजवाला,” भाचा म्हणाला.

“वरचा गंज आहे, खरडला की जाईल. लोखंड खणखणीत वाजतंय, ऐका ना.” त्या उठल्या, गाडीशी गेल्या, रबरी चटई बाजूला केली आणि गुडघ्यांवर बसल्या. पिशवीतून त्यांनी दाभण काढले. मागच्या दोन्ही भोकांतून ते सहज आरपार गेले. पुढच्या भोकात त्यांनी दाभण टेकवले, दाबले. ते तिथेच अडले.

“इकडे या,” त्यांनी भाच्याला हाक मारली. “इथं दाभण जात नाही. मग बोल्ट कुठून गेला असेल?”

भाचा खाली वाकला. आयुष्यात पहिल्यांदा. दोन्ही भोकांवरून त्याने बोट फिरवले. मग त्याने शेजारच्या, माझ्या बहिणीच्या भोकांकडे पाहिले. तिथेही तेच.

“मावशी इथं बसली होती,” तो हळूच म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी सगळे ऐकले होते. त्या म्हणाल्या, “त्याला बोलावून घे. भांडायला नको. फक्त ये म्हणावं.”

दहामिनिटे आला. भोके पाहून आधी म्हणाला की बोल्ट पडले असतील. मग म्हणाला की दोन बोल्टसुद्धा पुष्कळ होतात.

“तुझी आई बरी आहे का?” डॉक्टरीणबाईंनी विचारले.

तो गोंधळला. “बरी आहे.”

“तुझ्या वेळी तिला कळा सुरू झाल्या त्या पहाटे. तू झालास दुसऱ्या दिवशी सकाळी. तू आडवा होतास. सव्वीस तास मी तिच्या उशाशी होते, आणि जिला मी भेटायला निघाले होते ना, ती नर्स तुझ्या आईचा हात धरून बसली होती.” त्यांनी गाडीकडे बोट केले. “आम्ही दोघींनी ते काम दहा मिनिटांत उरकलं असतं, तर आज तू इथं नसतास आणि तुझी आईही नसती.”

दहामिनिटेने खिशात हात घातला. चार बोल्ट बाहेर काढले आणि व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवले. मग शर्टाच्या बाह्या दुमडून तो गाडीत शिरला.

मित्रांनो, त्याला दिवसभर लागला. त्याने डांबर तापवून काढले, रूळ रॉकेलने धुतले, तारेच्या ब्रशने घासले, ग्रीस लावले, वाकवलेला खटका सरळ केला. कुशनवालीने माझ्या पाठीतला फुगीर काथ्या दोन बोटे कमी केला, तेवढीच भाच्याला जागा. बहिणीची पुढची कड त्यांनी जराशी उतरवून दिली, म्हणजे सरळ पायाच्या मांडीखाली ती रुतू नये. बोल्ट आवळताना भाचा जवळ उभा होता. एक, दोन, तीन, चार. मग त्याने आपली मोजपट्टी काढून गुडघा आणि स्टिअरिंग यांच्यातले अंतर मोजले, मला सरकवले आणि खटका सोडला. ‘खट्’ वाजल्यावरही त्याने मला दोन्ही हातांनी मागे-पुढे ढकलून पाहिले. इतके तर कारखान्यातल्या त्या धिप्पाड माणसानेही केले नव्हते.

दोन दिवसांनी आम्ही तोच चढ चढलो. तिसऱ्या वळणावर भाच्याची पाठ माझ्यावर टेकली. मी हलले नाही.

नर्सबाईंचे घर अकरा पायऱ्या वर होते. डॉक्टरीणबाईंना चढता येईना. तेव्हा भाच्याने नर्सबाईंना उचलून खाली आणले आणि माझ्यावर बसवले. त्यांना काही वजनच उरले नव्हते. दोन्ही दारे उघडी टाकून त्या दोघी शेजारी शेजारी बसल्या, खांद्यावर एकच शाल घेऊन. बोलणे थोडे झाले. हात मात्र दुपारभर हातात होता. पुढच्या महिन्यात नर्सबाई गेल्या.

ती दुपार थोडक्यात हुकली असती. मी जुनी होते म्हणून नव्हे, तर एका माणसाला घाई होती आणि दुसऱ्याला खाली वाकायचा कंटाळा होता म्हणून. ते दोघेही आज माझ्याशी चांगले वागतात. तरी माझा राग पुरता गेलेला नाही, आणि तो जावा असे मला वाटतही नाही. मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी खुर्ची डुगडुगत असेल, एखादे दार अडत असेल, तर त्याला लाथ मारू नका. जे सांभाळाल ते चारही कोपऱ्यांनी सांभाळा. आणि जुन्या वस्तूला नावे ठेवायचीच असतील, तर आधी गुडघ्यावर बसा, तिला उलटी करा आणि तिच्या वाटचे बोल्ट तिला मिळाले होते का, तेवढे बघा.