नोव्हेंबरातलं मेफूल

झुल्मिराने ओलं फडकं बोटाला गुंडाळलं आणि मेफुलाच्या चपट्या कांड्या एकेक करून पुसायला घेतल्या. नोव्हा फ्रिबुर्गोच्या डोंगरात मे महिन्यात फुलणाऱ्या या निवडुंगाचं कुणाला कौतुक नाही. झाडांच्या बुंध्यांवर तो आपला आपण वाढतो. पण झुल्मिराच्या व्हरांड्यातल्या कुंडीचे लाड गल्लीभर गाजलेले होते.

"पूस, पूस. साबणही लाव," शेजारची नेइदे कॉफी ओतून घेत म्हणाली. "मे यायला सहा महिने आहेत. आत्तापासून कुणासाठी एवढा थाट?"

"जुसारासाठी. जानेवारीत कायमची येतेय ना."

पाच वर्षांपूर्वी लेक पोर्तुगालला कामाला गेली, तेव्हा झुल्मिराने याच झाडाच्या तीन कांड्या ओल्या कागदात गुंडाळून तिच्या बॅगेत कोंबल्या होत्या. पाच वर्षं, मग घरी, असं ठरलं होतं. तेव्हापासून दर मे महिन्यात फोनवर एकच तगादा, फूल आलं का? आलेलं नसायचं. मग झुल्मिरा तिला फैलावर घ्यायची आणि पुढे वर्षभर हुकूम सोडायची. पाणी कमी कर, कुंडी बदल, जागा बदल. लेक बिचारी निमूटपणे सगळं करायची. खरं तर फूल येत नाही याचं झुल्मिराला मनातून बरंच वाटायचं. झाड तिकडे रमत नाही, म्हणजे लेकही रमत नसणार. मागच्या महिन्यात जुसारा म्हणाली होती, बेकरीची मालकीण सगळी भट्टी माझ्यावर सोपवायची म्हणतेय. त्यावर झुल्मिराने, तुझ्या खोलीला कुठला रंग देऊ, एवढंच विचारलं होतं.

फोन वाजला. पडद्यावर लेक दिसलीच नाही. गुलाबी फुलांनी लगडलेली कुंडी दिसली.

"आई, बघ! तीस तरी असतील!"

"नोव्हेंबरात?" नेइदे पुढे झुकली. "अगं, झाडाला वेड लागलं की काय!"

"या वर्षी आईचं ऐकलंच नाही मी," जुसारा हसत सुटली. "जिन्यातल्या खिडकीत ठेवलं आणि हातसुद्धा लावला नाही. आई, रागावलीस?"

"तिकडे अंधार कधी पडतो गं हल्ली?"

"साडेपाचलाच. का?"

झुल्मिराने हातातलं फडकं खाली ठेवलं. दिवस लहान झाले की हे झाड कळ्या धरतं, हे तिने जन्मभर पाहिलं होतं. इथे दिवस मे महिन्यात लहान होतात; तिकडे ऋतू उलटे, म्हणून आत्ता. झाड कधी रुसलंच नव्हतं. तीच इतकी वर्षं त्याला हलवायला लावत होती.

आता लेकीचा चेहरा समोर आला. गालाला पीठ, डोळ्यांत नुसता आनंद. ती आत्ता इथे हवी होती, या बाकावर, त्या पीठ लागलेल्या गालासकट.

"आई, येताना झाड बॅगेतून आणू ना? कसं गुंडाळायचं ते सांग."

नेइदे आपल्या कपात बघत राहिली.

"आणू नकोस," झुल्मिरा म्हणाली. "बहरात हलवलं की सगळं गाळून टाकतं ते. राहू दे तिथेच."

"अगं, मग त्याच्याकडे बघणार कोण?"

"तूच," झुल्मिरा म्हणाली. "जानेवारीत ये, महिनाभर राहा, आणि जा परत."