खांदे कुणाला दाखवायचे?

बाईच्या सत्तराव्या वाढदिवशी सकाळी अंगणातल्या काठीवर नवऱ्याने चढवलेला झेंडा दिसला नाही, तर डेन्मार्कच्या पश्चिम जुटलंडमधलं गाव दोनच अर्थ काढतं: घरातलं कुणी गेलं, नाहीतर नवरा-बायकोचं फाटलं. रिग्मोरचा सत्तरावा फेब्रुवारीत होता. ख्रिसमस उलटून गेला होता, आणि तिच्या नवऱ्याचे, एस्किलचे, हात सकाळी खांद्याच्या वर जात नव्हते.

दुपारी मात्र जात. सकाळी त्याला पलंगावरून उठवताना रिग्मोरला आपण ओंडका लोटतोय असं वाटे. दुपारी तोच ओंडका शिडीवर चढून पन्हळ साफ करी. शेजारच्या बेंटने, झेंड्याचं मी बघतो, असं चांगल्या मनाने सांगितलं, तर एस्किल त्याच्याशी बोलेनासा झाला. बायको माझी, काठी माझी, तर दोरीही मीच ओढणार, असं त्याचं म्हणणं.

मग डॉक्टरांचा शोध सुरू झाला. पाठीचे मणके बसवणाऱ्याला दुखणं मणक्यात सापडलं. ओळखीने गाठलेल्या हाडांच्या सर्जनने खांद्यांचा आणि खुब्याचा एक्स-रे काढला आणि वयाच्या मानाने झीज बेताची आहे, कापण्यासारखं काही नाही, असं जरा खट्टू होऊन सांगितलं. जो तो आपल्या दुकानातला माल दाखवत होता.

सगळा दोष त्यांचाही नव्हता. एस्किल वेळ घ्यायचा ती दुपारची, कारण सकाळी गाडीत बसणंच जमायचं नाही. आणि कसं वाटतंय म्हणून विचारलं की म्हणायचा, "फार वाईट नाही." आमच्याकडे घराला आग लागली तरी माणूस, जरा ऊब आलीय, एवढंच म्हणतो.

राहिली होती ती गावातलीच डॉक्टर, मारेन. तिच्याकडे जायला एस्किल तयार नव्हता, कारण तिसरीत तिला गणित त्यानेच शिकवलं होतं.

"हातचा विसरायची ती," तो म्हणाला. "प्रत्येक बेरजेत."

"तिच्याकडे बेरजा करायला नाही पाठवत तुला," रिग्मोर म्हणाली, आणि तिने फोन करून सकाळची पहिली वेळ मागून घेतली.

त्या दिवशी त्याला गाडीत बसवताना तिलाच घाम फुटला. दवाखान्यात मारेनने त्याला कोट काढायला सांगितला. एस्किलने एक खांदा हलवला, मग दुसरा; कोट जागचा हलेना. रिग्मोर मदतीला उठली, तशी मारेन म्हणाली, "तुम्ही बसा. त्यांचं त्यांना करू दे."

कोट कोपरांपाशी अडकला, आणि एस्किल वर्गात फळ्यापुढे उभा केलेल्या पोरासारखा दिसायला लागला.

"कसं वाटतंय?"

"फार वाईट नाही."

"प्रश्न नीट ऐका, मग उत्तर द्या, असं तुम्हीच सांगायचात, सर," मारेन म्हणाली. "हे उत्तर झालं का?"

रिग्मोरने खिडकीबाहेर पाहिलं, नाहीतर तिला हसू आवरलं नसतं.

मग एस्किल बोलायला लागला. सकाळी अंग लाकूड होतं, हे त्याने सांगितलं. बसून राहिलं की आणखी आखडतं, कामाला लागलं की सुटतं, तेही सांगितलं. मारेनने डोकं दुखतं का, चावताना जबडा भरून येतो का, नजरेत काही फरक पडलाय का, असं एकेक विचारलं. यातलं काही नव्हतं. झिजलेलं हाड कामाने दुखतं, सुजेचं दुखणं झोपेने आखडतं, असं ती म्हणाली. म्हणजे हे सर्जनचं काम नव्हतं आणि मणक्यांचंही नव्हतं. तिने रक्त काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. रक्तात सूज स्पष्ट दिसत होती. रोगाचं नाव लांबलचक होतं. उतारवयात आमच्या उत्तरेकडच्या लोकांना तो पुष्कळदा गाठतो. इस्पितळातल्या संधिवाताच्या डॉक्टरांशी बोलून तिने गोळ्या लिहून दिल्या होत्या, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, असा दम रिग्मोरला दिला होता. एस्किलला देऊन उपयोग नाही, हे तिला तिसरीपासून ठाऊक असावं.

वाढदिवसाच्या दिवशी रिग्मोरला जाग आली ती दोरी काठीवर आपटण्याच्या आवाजाने. शेजारचा पलंग रिकामा होता. शाल ओढून ती दारात आली. बाहेर अजून अंधार होता, आणि एस्किल पायजम्यावर, हात वर करकरून दोरी ओढत होता. झेंडा वर पोचलासुद्धा.

"एस्किल, सूर्य उगवल्याशिवाय झेंडा चढवत नाहीत. बेंटने पाहिलं तर वर्षभर ऐकवेल."

एस्किलने वर पाहिलं, पूर्वेकडे पाहिलं.

"मग उतरवतो," तो खुशीत म्हणाला. "उजाडलं की परत चढवीन."