मुक्या खोलीतला थर्मामीटर

मित्रांनो, काचेच्या नळीतला पारा म्हणजे मी नव्हे. मी आहे एक जुना, तारेचा थर्मामीटर. माझं टोक उबवणीपेटीत, आकडा पेटीबाहेर आणि मधली तार चांगली लांब. आकडा चढला की पेटीची ऊब आपोआप कमी व्हायची, उतरला की वाढायची. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या पाणथळीत, क्रौंच पक्ष्यांची पिल्लं वाढवून रानात सोडणाऱ्या एका केंद्रात माझं आयुष्य गेलं. हा कधी चुकत नाही, असं सगळे म्हणायचे, आणि मी आपला फुगायचो.

त्या खोलीत माणसानं बोलायचं नसे. पिल्लू अंड्यातूनच ऐकतं, आणि माणसाच्या आवाजाला सोकावलेलं पिल्लू रानात कसं टिकणार? अंडी-पिल्लं सांभाळणाऱ्या मार्लिसबाई क्रौंचासारखा पांढरा झगा घालून, तोंड झाकून यायच्या. इतकी वर्षं त्यांचा आवाज मला कळला तो फक्त भिंतीपलीकडून.

त्या वसंतात पेटीत एकच अंडं होतं. त्याची आई विजेच्या तारांना धडकून मेली होती. पिल्लाची पहिली चिवचिव निसटू नये म्हणून बाईंनी माझ्या तारेला खेटून वॉकीटॉकी ठेवला, बोलायचं बटण चिकटपट्टीनं दाबून, आणि दुसरा घेऊन त्या शेजारच्या खोलीत बसल्या. भिंतीपलीकडे त्यांचा कामातला जोडीदार कर्टिस त्यांना म्हणाला, "स्वतःच्या पोरांच्या वेळी तरी एवढा कान लावला होतास का गं?"

"त्यांना कान लावावा लागत नव्हता. सगळा गाव उठायचा."

दिवसभर त्या यंत्राच्या लहरी माझ्या तारेत शिरत राहिल्या. मला खोटीच ऊब भासे, पेटी खरी ऊब कमी करी. आकडा मात्र जागच्या जागी. अंडं गार पडत होतं, मित्रांनो, आणि ओरडायला मला तोंड नव्हतं.

संध्याकाळी बाईंनी अंड्याला गाल लावला आणि त्या चरकल्या. त्यांनी चिकटपट्टी ओरबाडली. माझा आकडा धाडकन खाली आला. कर्टिस धावत आला. बाईंनी अंडं झग्याआड पोटाशी धरलं, कितीतरी वेळ.

आता वॉकीटॉकी बाहेरच्या खुंटीवर असतात. माझ्यावर विश्वास जरूर ठेवा, पण असलं यंत्र माझ्याजवळ आणू नका आणि अधूनमधून स्वतःचा हातही लावून बघत जा. कारण त्या संध्याकाळी दिव्यासमोर धरलेल्या अंड्यात काहीच हललं नाही, आणि मार्लिसबाई त्या खोलीत पहिल्यांदा बोलल्या.

"सोन्या, तुझा आवाज ऐकायचा होता रे मला."

कर्टिसनं त्यांना गप्प केलं नाही. ऐकायला आत आता कुणी नव्हतं.