शेठजींच्या छातीवरचा फोन

१९९९ साली धुळ्यात मोबाइल नवाच होता. कापसाचे व्यापारी रुपचंद शेठ यांना तो त्यांच्या मुलाने, रतिलालने, हौसेने घेऊन दिला. शेठजींच्या डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत पेसमेकर होता. त्यांचं मंदावलेलं हृदय तोच चालतं ठेवायचा. फोन ते सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवत. एके दिवशी पेढीवर तो वाजला आणि शेठजी गादीवर कलंडले.

दवाखान्यात आणेपर्यंत ते सावरले होते. रतिलाल म्हणाला, "उन्हाचा त्रास झाला असेल."

"ऊन नाही रे. फोन वाजला अन् अंधारी आली."

दवाखान्यातल्या डॉ. विशाखा बैसाणेंनी ते हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी पेसमेकर बसवणाऱ्या मुंबईच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले,

"फोन वापरू नका म्हणावं. विषय संपला."

"संपला कसा, सर? उद्या एसटीत शेजाऱ्याच्या खिशात फोन असेल. मग यांनी घरातच बसायचं का? किती लांब ठेवला म्हणजे चालेल, ते बघायला हवं."

त्यांनी हट्टच धरला. तेव्हा फोन जवळ धरून तपासताना काळजी कशी घ्यायची, ते मुंबईच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं.

शेठजींना कॉटवर झोपवून ईसीजी सुरू केला. शॉक देण्याचं मशीन जवळ ओढलं. पेसमेकर गडबडला तर छातीवर धरायचं चुंबक विशाखाताईंनी हातात घेतलं; ते धरलं की पेसमेकर ठरावीक गतीने ठोके देत राहतो.

"शेठजी, भीती वाटत असेल तर नको करूया."

"करा बाई. माझ्यासारखे आणखी असतील. त्यांना तरी कळेल."

फोन छातीवर ठेवून रतिलालने दवाखान्याच्या फोनवरून नंबर लावला. घंटी वाजण्याच्या आधीच ईसीजीवरचा ठोका चुकला. मग रेघ सपाट झाली. विशाखाताईंनी फोन झटकन उचलला. ठोके परतले. रतिलालने रिसीव्हर खाली ठेवला.

"झालं ना बाबा? आता बास!" तो म्हणाला.

"अर्धंच झालं," शेठजी धापा टाकत म्हणाले. "कुठे चालतो, ते बघायचं राहिलं."

फोन वीतभर लांब धरला, तर ठोके नीट. उजव्या कानाला लावला, तरी नीट. विशाखाताईंनी प्रत्येक जागी पुन्हा पुन्हा तपासलं, मगच मान डोलावली. ईसीजीचे कागद त्यांनी मुंबईला आणि पेसमेकरच्या कंपनीला पाठवले, फोनबद्दलच्या सूचना मराठीतही छापा म्हणून पाठपुरावा केला. उत्तराची वाट न पाहता स्वतः साध्या भाषेत पत्रक लिहून खानदेशातल्या दवाखान्यांत वाटलं. काही महिन्यांनी कंपनीचंही मराठी माहितीपत्रक आलं.

त्या पावसाळ्यात सोनगीरचे भटू आबा नवा पेसमेकर बसवून तपासणीला आले. बाकावर कोणाचा तरी मोबाइल वाजला, तसे ते दचकून उठले. शेजारी बसलेल्या रुपचंद शेठनी त्यांचा हात धरला आणि आबांच्याच अहिराणी बोलीत म्हणाले,

"भिवू नका, आबा. मी फोन उजवा कानले लावीसन रोज बोलस. छातीजोडे, खिसामा ठेवू नका, बस. हाई बाईनी तपासेल शे."

आबा पुन्हा बाकावर टेकले.